घरात ‘ळ’, कागदावर ‘ल’

आमच्या गावाचे नाव दोन तऱ्हांनी घेतले जाते. सरकारी फलकावर ते ‘जामसांवली’ असते, आणि घरातल्या बोलण्यात ‘जामसावळी’. हिंदीच्या नित्याच्या लेखनात ‘ळ’ नाही, त्यामुळे दप्तरात शिरताना तो बिचारा उंबऱ्याबाहेरच राहतो. आमच्या आडनावाचीही हीच गत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, सागर, जबलपूर येथे ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, त्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही. तथापि हे अक्षर एका नव्या संसारात केवढी जागा अडवते, हे आम्हां दोघांना घर बांधायला काढल्यावरच कळले. त्याचीच ही हकीगत.

जामसावळी ठाऊक आहे ती मारुतीमुळे. पिंपळाच्या छायेत पहुडलेली अशी ही मूर्ती आहे, आणि मंगळवारी-शनिवारी तिच्या दर्शनाला नागपूर-छिंदवाड्याकडून माणसांची रीघ लागते. दर्शन झाले की माणसे परततात. आम्ही मात्र इथे राहणारे. गावाजवळून जाम नदी वाहते. ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान महाराष्ट्रात उतरते, आणि तिचे पाणी नागपूरकरांच्या नळाला येते. माणसांची ये-जाही अशीच जुनी आहे. नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदशहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. आणि ते देवगड याच छिंदवाडा मुलखातले. पुढे भोसल्यांचे राज्य आले, इंग्रजांचा मध्यप्रांत आला, आणि नागपूर ही आमची राजधानी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला, आणि आमची राजधानी एका दिवसात नागपूरहून भोपाळला गेली. माणसे जागची हलली नाहीत. बोली हलली नाही. सोयरिकीही हलल्या नाहीत.

आमची सोयरीक अशीच झाली. आम्हां दोघांतील एकीचे माहेर नरखेड तालुक्यातले, म्हणजे महाराष्ट्रातले. दुसऱ्याचे घर इथले. दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा, दोन्हीकडे पोळ्याला तीच पुरणपोळी. डिसेंबर २०२१ मध्ये लग्न झाले, तेव्हा राज्याची हद्द ओलांडतो आहोत असे कुणाच्या मनातही आले नाही. शिवाय आम्ही राहणार होतो नागपुरात. एकाची कारखान्यात नोकरी होती, आणि दुसरी शिक्षिकेची पदविका घेऊन शाळेच्या शोधात होती. हिंगण्याकडे एक खोली भाड्याने घेतली. तिच्या भिंतीला दोनच खिळे होते; एकावर दिनदर्शिका आणि दुसऱ्यावर पिशवी.

मार्च २०२२ मध्ये वडील गेले, आणि सारे बेत बदलले. आई एकटी राहिली. काकांशी वाटणी झाली, तीत कवेलूंच्या जुन्या घराची मागची पडवी आणि दोन एकर बाग आमच्या वाट्याला आली. बाग म्हणजे काय, निम्मी झाडे डिंक्याने वाळत चाललेली. आईला नागपुरात न्यावे म्हटले तर ती गाव सोडायला तयार होईना. अखेर कारखान्याची नोकरी सुटली, आणि आम्ही खोलीतले ते दोन खिळेसुद्धा उपटून घेऊन गावी आलो.

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यावर २०२३ च्या अक्षय्यतृतीयेला पडवीच्या जागी नव्या घराचे जोते घातले. त्या वर्षी २४ ऑगस्टला आमच्या गावात ‘हनुमान लोक’चे भूमिपूजन झाले. तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान आले होते, आणि पांढुर्णा हा वेगळा जिल्हा होणार, ही घोषणा त्यांनी इथेच केली. आमच्या भिंती तेव्हा खिडकीपर्यंत आल्या होत्या. गर्दीतून कसेबसे घरी पोहोचलो, तो आईने विचारले, “मंग आपलं घर आता कोन्या जिल्ह्यात गेलं?” ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मिळून नवा जिल्हा अस्तित्वात आला, आणि दसऱ्याच्या आधी आमचा स्लॅब पडला. अशा रीतीने आमच्या घराचे जोते छिंदवाडा जिल्ह्यात आहे आणि छत पांढुर्णा जिल्ह्यात!

हसण्यावारी न्यावे असे पुष्कळ काही होते. इथे प्रत्येक कुटुंबाला ‘समग्र’चा ओळखक्रमांक लागतो, त्यात नाव नसेल तर सरकारी योजनांच्या दारातच अडायला होते. नव्या सुनेचे नाव त्यात चढवायचे म्हणून माहेरचे आधार, सासरचे रेशनकार्ड आणि विवाहाचा दाखला घेऊन आम्ही निघालो. मराठी दाखल्यावर आडनावात ‘ळ’, इथल्या कागदावर ‘ल’. “ये दोनों एक ही हैं क्या?” असे एका खिडकीवर विचारण्यात आले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि एकदमच “हो” म्हणालो. मग हिंदीत पुन्हा एकदा सांगितले.

परंतु एक गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. नरखेडची सून लग्नापूर्वी इतर मागासवर्गाच्या दाखल्यावर शिकली होती. तिची जात तीच, जिच्यात ती सून म्हणून आली. सासरच्या माणसांना इथे तीच सवलत मिळते. असे असूनही इथल्या शिक्षकभरतीत तिला खुल्या प्रवर्गातून उतरावे लागेल, असे समजले. मागासवर्गाचा दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्याच्या नोकरीत त्याचा लाभ. स्थलांतराबरोबर तो दुसऱ्या राज्यात जात नाही, असे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासूनच्या निकालांत घालून दिले आहे. प्रत्येक राज्यातील मागासलेपणाची स्थिती निराळी, म्हणून याद्याही निराळ्या, असा त्यामागील विचार आहे. तो चुकीचा आहे असे म्हणण्याइतके आम्ही कायदेपंडित नाही. मात्र ज्या मुलखात हद्द माणसांनंतर आली आणि मुली नेहमीच हद्दीपलीकडे दिल्या जातात, तिथे या नियमाचा भार नेमका सुनांच्याच डोक्यावर पडतो, एवढे खरे. मुलगा माहेरीच राहतो, त्याला काही गमवावे लागत नाही.

त्या रात्री आमचे पहिले मोठे भांडण झाले. आमच्यातील एकाने, त्याच्या मते शहाणपणाने, सुचवले की तिने माहेरी राहून महाराष्ट्रातील भरतीची तयारी करावी, तिकडे शाळा मिळाल्यास तिकडेच राहावे, आणि शनिवारी-रविवारी इकडे यावे. दुसरीला वाटले, जोत्यात आपण पाणी घातले, विटा भिजवल्या, आणि आता आपल्याला पाहुणी ठरवले जात आहे. तीन दिवस घरात फक्त आईशी बोलणे झाले. आईने दोघांचेही ऐकून घेतले. मग ती सुनेला म्हणाली, “जामचं पानी नागपूरले जाते, तरी नदी इथलीच म्हनतेत ना? तू जाय नाही तं राय, पन भेऊन ठरवू नको.”

याच दिवसांत पोळा आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते, हे वाचकांना ठाऊक असेल. जामच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. मध्ये नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावरचा झेंडा काढण्यासाठी दोन्हीकडून दगड सुटतात, आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. या प्रथेमागे लोक जी कथा सांगतात ती एका तरुण जोडप्याची आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. दोघे पळून निघाले, नदीच्या मध्यावर आले, आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या वर्षी ती निराळी ऐकू आली. आमच्यावर कुणी दगड मारले नव्हते. उलट दोन्ही काठांवर आमची माणसे हात पुढे करून उभी होती. नदीच्या मध्यावर थांबून एकमेकांशी भांडत होतो ते आम्हीच.

निकाल लागला तो पुढच्या पावसाळ्यात, आणि तोही बागेत. वाळलेली झाडे काढून आम्ही नवी कलमे लावायला घेतली. संत्र्याचे झाड बीपासून वाढवीत नाहीत. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. मूळ जंबेरीचे, फळ संत्र्याचे. जंबेरी चिवट, ती जमीन धरते. आणि गोडी येते ती डोळ्यातून. रोपवाटिकेतून कलमे आणायला गेलो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली: डोळ्याचा सांधा मातीखाली गाडू नका, जमिनीच्या वर वीतभर मोकळा ठेवा. सांधा गाडला, त्याला ओल लागली, की डिंक्या धरलाच म्हणून समजा. पाणी द्यायचे तेही दुहेरी आळ्याने, म्हणजे बुंध्याला स्पर्श होणार नाही असे. आमच्या जुन्या बागेत नेमकी हीच चूक झाली होती. वर्षानुवर्षे माती चढत गेली, सांधे झाकले गेले, आणि झाडे आतून कुजली.

घरी परतताना आम्ही दोघेही गप्प होतो, पण ते मागच्या वर्षीसारखे गप्प नव्हतो. आम्हीही सांधा झाकायलाच निघालो होतो. एकाला वाटत होते, सून आली म्हणजे ती इथलीच झाली, पुढे बोलायचे कशाला? दुसरीला वाटत होते, दाखल्याचे दुःख उघड केले तर सासरला दोष दिल्यासारखे होईल. ओल आत मुरत होती.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही सारे कागद पसरले आणि जे आहे ते स्वच्छ मांडले. लग्नाने तिचे काय गेले, नोकरी सोडल्याने त्याचे काय गेले, बाग फळावर यायला किमान पाच वर्षे लागणार, तोवर घर कशावर चालेल, हे सारे. ठरले ते असे: दोन्ही राज्यांचे अर्ज भरायचे. तिकडे राखीव प्रवर्गातून, इकडे खुल्या प्रवर्गातून. तिकडचे पत्र आधी आले तर ती जाईल आणि बाग व आई तो सांभाळील. याला कुणी घर मोडणे म्हणणार नाही. तोपर्यंत जवळच्या एका खासगी शाळेत ती हिंदीतून शिकवते. पगार तुटपुंजा आहे. पण ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक आणि ‘दशमलव’ म्हणजे दशांश, हे तिला आता झोपेतही सांगता येते. इकडच्या परीक्षेला तेच कामी येणार आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मुलगी झाली. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. म्हणून तिचा जन्मदाखला महाराष्ट्राचा आहे आणि त्यावर आडनाव ‘ळ’सकट छापलेले आहे. पुढे शाळेत घालताना पुन्हा तोच प्रश्न येईल, हे आम्ही जाणून आहोत. १९५६ च्या ज्या वर्षाने आम्हांला भोपाळच्या दप्तरात घातले, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलमही दिले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. कलम कागदावर आहे. अक्षर मात्र घरातच गिरवावे लागते. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीनंतर आमच्या ओसरीवर शेजारची सहा-सात मुले जमतात. दिवसा शाळेत ती हिंदी शिकतात, आणि आमच्याकडे तास-दीड तास मराठी वाचतात. पाटीवर ‘ळ’ काढताना त्यांच्या जिभा बाहेर येतात. आमची लेक अजून पाटी चाटण्यापलीकडे गेलेली नाही.

कलमे आता कमरेएवढी झाली आहेत. पावसाळा संपला की आम्ही दोघे एकेका झाडापाशी वाकतो, बुंध्याजवळ चढलेली माती हाताने बाजूला करतो, आणि सांधा मोकळा आहे ना, ते पाहतो. दोन एकरांना तीन दिवस पुरतात. दर्शनाला याल तेव्हा घरीही या. देवळापाशी कुणालाही विचारा, पण विचारताना ‘जामसावळीतले’ असे म्हणा. म्हणजे सांगणारा मराठीतूनच वाट दाखवील.