भूमध्य समुद्राची उघाडी

भूमध्य समुद्राच्या तळाखाली मीठ आहे. खोल भागात त्याचा थर एक किलोमीटरपेक्षाही जाड भरतो. १९७० साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजावरून विल्यम रायन आणि केनेथ शू यांच्या चमूने हा तळ खणला, तेव्हा जिप्सम आणि मीठ वर आलं. समुद्र आटला नि मीठ उरलं, असं म्हणून मोकळं होता येईल, पण हिशेब जुळत नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दीड किलोमीटर खोल पाणी पूर्ण आटलं, तरी खाली पंचवीस-तीस मीटरच क्षार साठतील. मग बाकीचं आलं कुठून?

माझं लहानपण उरणकडच्या मिठागरांवर गेलं, पुढे आयुष्यभर मी भूशास्त्र शिकवलं. मिठागरावरच्या माणसाला हे कोडं पडणारच नाही. नुसत्या उन्हाने मीठ पिकत नाही, उघाडी लागते. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, बांधाआड आटवायचं, पुन्हा नवं घ्यायचं. भूमध्य समुद्राची उघाडी जिब्राल्टरजवळ होती. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी तिथली जमीन उचलली गेली आणि अटलांटिकची वाट अरुंद झाली. नद्या अपुऱ्या, ऊन कडक. आत येणारं पाणी आटत राहिलं, क्षार मागे राहिले.

क्षार बसतात तेही क्रमाने. आधी चुनखडी. पाणी चौथ्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, दहाव्या हिश्श्यावर खाण्याचं मीठ. मॅग्नेशियम-पोटॅशियमचे कडू क्षार सगळ्यांत शेवटी. या क्रमामुळेच खडक वाचता येतो. समुद्राच्या क्षारांत जिप्समचा वाटा अगदी थोडा, तरीही स्पेनमधल्या सोर्बासला त्याचे जाडजूड थर एकावर एक चढलेले आहेत आणि मध्ये मातकट चुनखडीचे पट्टे. म्हणजे पाणी जिप्समपुरतं दाट होत होतं, पण मीठ बसण्याआधी नवं पाणी येऊन मिसळत होतं. पृथ्वीच्या आसाच्या डुलण्याने सुमारे २१ हजार वर्षांच्या फेऱ्यात हवामान बदलतं. हे पट्टे त्याच तालावर पडलेले आहेत. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

समुद्र पुरता कोरडा पडला होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात. सिसिलीत रेआलमोंतेच्या खाणीत मिठाच्या थरालाच उन्हाने तडकल्यासारख्या भेगा आहेत. तेवढी जागा तरी उघडी पडली असावी, असं मी मानतो. सगळा समुद्र मात्र नाही.

५३ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरची वाट फुटली, अटलांटिक आत घुसला आणि मिठावर समुद्री गाळ बसत गेला. हा गाळ बसला नसता, तर वर भरलेल्या पाण्यानेच ते मीठ पुन्हा विरघळवून नेलं असतं.