उज्जैनच्या रेषेवरून समुद्राकडे

जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले होते २०१६ मध्ये. सावद्याच्या स्टेशनावरून केळीचे वॅगन उत्तरेकडे जाताना पाहत आमच्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या, पण समुद्र आमच्या हिशेबात नव्हता. आता आमच्या पट्ट्यातला निर्यातदार मोबाईल उघडतो आणि आपला कंटेनर नेणारे जहाज या क्षणी अरबी समुद्रात कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. जहाज कुठे आहे, या एका प्रश्नाने काही शतके हजारो खलाशांचे जीव घेतले. त्याच्या उत्तराचा मागोवा घेताना खानदेशही वाटेत लागतो.

प्रश्नाची अर्धी बाजू सोपी होती. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितके आपले अक्षांश. सावद्यात तो सुमारे २१ अंशांवर दिसतो, मुंबईत १९. अरबी समुद्रातले नाखवे यासाठी लाकडाची एक लहान चौकोनी फळी वापरत. तिच्या मधोमध ओवलेल्या दोरीला गाठी असत. एकेक गाठ एकेका बंदराची. ती दातांत धरायची, दोरी ताणायची आणि फळीची खालची कड क्षितिजाला व वरची ताऱ्याला टेकते का ते पाहायचे. या साधनाचे नाव कमाल. हव्या त्या बंदराच्या अक्षांशावर यायचे आणि मग सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जात राहायचे, ही रीत त्यातूनच आली.

पण जात राहायचे ते किती? पूर्व-पश्चिम अंतर सांगणारा ध्रुव आकाशात नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात खलाशांची एक खूण दिली आहे: पाण्यात साप दिसू लागले की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला. याच ग्रंथात पैठण आणि तेरचा माल भडोच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे. त्या काळी रेखांशाचे काम हे साप करत होते. दिवसा ते ठीक होते. रात्री खडक आधी लागे.

जमिनीवर मात्र हे कोडे सुटलेले होते, आणि सोडवणारी विद्या आपल्याच जिल्ह्यात शिकवली जात होती. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरातला एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणला. त्यानुसार यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ स्थापला. शके ११२८, म्हणजे इसवी सनाच्या १२०७ च्या आसपास, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने या मठाला दान दिले. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटाही मठाला तोडून दिला. लेखाचा हा भाग मराठीत आहे, आणि आरंभीच्या मराठी लेखांत त्याची गणना होते.

दानाची वेळ लेखात नोंदलेली आहे: श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. मला या तपशिलाचे फार मोल वाटते, कारण भारतीय ज्योतिषात देशांतर, म्हणजे मध्यरेषेपासूनचे पूर्व-पश्चिम अंतर, काढण्याचे साधन चंद्रग्रहण हेच होते. ग्रहण लागते ते सगळ्यांना एकाच क्षणी, पण त्या क्षणी प्रत्येक गावची स्थानिक वेळ वेगळी असते. गणिताने मध्यरेषेवरची वेळ काढायची, आपल्या गावची वेळ घटिकापात्रावर पाहायची आणि वजाबाकी करायची. एका घटिकेचा फरक म्हणजे ६ अंश, १० पळांचा म्हणजे १ अंश. ही मध्यरेषा लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्रावरून जाते असे मानले होते. आजच्या नकाशावर उज्जैनचे रेखांश खाली दक्षिणेला ओढत आणले, तर ते भुसावळला जवळपास स्पर्श करून जातात. सावदा त्या रेषेच्या पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर आहे, म्हणजे आमचे देशांतर जेमतेम एक पळ.

तत्त्व हातात असूनही ते जहाजावर चालेना. ग्रहणे वर्षाला दोन-तीन, आणि नाखव्याला उत्तर रोज हवे. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले आणि त्यांची रोजची ग्रहणे वापरा असे सुचवले. जमिनीवर नकाशे करायला ती उत्तम ठरली, पण हलत्या डेकवरून दुर्बीण त्या बारीक ठिपक्यांवर स्थिर राहीना. हॉयगेन्सच्या लंबकाच्या घड्याळालाही लाटांनी हरवले.

ऑक्टोबर १७०७ मध्ये ॲडमिरल शॉव्हेलच्या ताफ्यातली चार इंग्रजी जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून बक्षीस लावले: अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश देणाऱ्याला २०,००० पौंड. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, तेव्हा अर्धा अंश म्हणजे २ मिनिटे. सहा आठवड्यांच्या सफरीत घड्याळ दिवसाला ३ सेकंदांहून जास्त चुकता कामा नये.

जॉन हॅरिसन हा सुतार हे काम करेल असे कुणाला वाटले नव्हते. थंडी-उन्हाने धातू आखडतो-प्रसरतो, तेल घट्ट होते, जहाज डोलते. या एकेका शत्रूशी तो वर्षानुवर्षे झुंजला. १७३५ चे त्याचे पहिले सागरी घड्याळ अवजड यंत्रच होते. १७५९ चे चौथे मात्र सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे, हातात मावणारे. जमैकाच्या सफरीत १७६१-६२ मध्ये ते ८१ दिवसांत फक्त ५ सेकंद मागे पडले. तरी बक्षिसाचा निर्णय करणाऱ्या मंडळाने पूर्ण बक्षीस दिले नाही. १७७३ मध्ये संसदेने मध्ये पडून ८,७५० पौंड दिले, तेव्हा तो ऐंशीचा होता.

ही गोष्ट नेहमी इथे संपवतात आणि बक्षीस अडवल्याबद्दल नेव्हिल मास्केलाइन या राजज्योतिषाला खलनायक करतात. मला ते अन्यायाचे वाटते. त्याचा भरवसा चंद्रावर होता. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो, म्हणजे आकाश हीच तबकडी आणि चंद्र हाच काटा. टोबियस मायर या जर्मन गणितज्ञाने चंद्राची कोष्टके बसवली आणि मास्केलाइनने १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग छापून घेतले. घड्याळे महाग होती. ती स्वस्त होईपर्यंत कित्येक दशके असंख्य जहाजे चंद्रावरच चालली, आणि ज्यांच्याकडे घड्याळ होते तेही ते चंद्रावरून तपासत.

तोवर आपल्या बाजूच्या समुद्रातही किंमत मोजावी लागतच होती. १७८६ मध्ये चुकीच्या नकाशांमुळे दिएगो गार्सियावर ‘ॲटलस’ जहाज फुटले. त्यातून वाचलेला जेम्स हॉर्सबर्ग पुढे हिंदी महासागराचे मार्ग नव्याने नोंदत राहिला आणि १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जलआलेखक झाला. मुंबईत कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा उभारली. आकाशाचे वेध घेणे आणि अचूक वेळ राखणे हे तिचे काम. बंदरातल्या कप्तानाला ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढची ती वेळ हवी असे.

याच वेधशाळेत सहायक म्हणून केरो लक्ष्मण छत्रे लागले. जन्म १८२५, गाव अलिबागजवळचे नागाव. युरोपीय ज्योतिषगणित त्यांनी आत्मसात केले, १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे पटवर्धनी पंचांग सुरू केले. पंचांगातली तिथी आणि आकाशातला चंद्र यांचा मेळ बसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांचे शिष्य टिळक यांनीही पंचांगशुद्धीचा हा प्रश्न सोडला नाही. दर्यावर्दी लोकांचे जीव वाचवण्यासाठी युरोपात चंद्राची गती काट्यावर तोलली गेली होती, आणि तेच ज्ञान केरोपंतांच्या हातून मराठी घरातल्या पंचांगात आले. हॅरिसनच्या गौरवात हा धागा आपण तरी हरवू देऊ नये.

पुढचे झपाट्याने झाले. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिच ही जगाची मूळ रेषा ठरली. विसाव्या शतकात रेडिओवरून वेळ थेट जहाजावर पोचू लागली, मग उपग्रह आले. उपग्रहाच्या घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटरने हुकते. इस्रोच्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली होती, ती परदेशी होती. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात घडवलेले रुबिडियमचे अणुघड्याळ गेले.

आमच्या भागातल्या शिक्षकांना एक विनंती. २५ डिसेंबरला मोकळ्या अंगणात काठी उभी रोवा आणि तिच्याभोवती वर्तुळ आखा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवेल ती वेळ आणि दुपारी पुन्हा शिवेल ती वेळ मुलांना लिहून घेऊ द्या. दोन्हींच्या मधली वेळ हे आपले खरे माध्यान्ह. त्या दिवशी सूर्य आणि घड्याळ यांच्यातला फरक जवळपास शून्य असतो, म्हणून सावद्यात ते १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास येईल. बारानंतरच्या मिनिटांना ४ ने भागा आणि येणारा आकडा प्रमाणवेळेच्या ८२.५ अंशांतून वजा करा. उत्तर ७५.९ च्या जवळ यायला हवे. एका मिनिटाची चूक झाली, तर गाव २६ किलोमीटर सरकलेले दिसेल.