कामागणिक हिशेब

विद्येचें मोल मागूं नये, हा संस्कार आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरांत मुरलेला आहे. त्यामुळें घरांतील मुलगा किंवा सून वकिली, हिशेबतपासणी, भाषांतर असा एखादा स्वतंत्र व्यवसाय करूं लागली, कीं काम चोख होतें. परंतु बिल लिहितांना हात अडखळतो.

दुकानदाराला किती माल खपला तें दिसतें. सेवेच्या धंद्यांत खपतो तो वेळ, आणि तो फळीवर मोजून ठेवतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक कामास वहींत स्वतंत्र पान द्यावें, हा यांतील मुख्य नियम. बोस्टनचे वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या कचेरींत तासाचे दहा भाग पाडून वेळ टिपण्याची पद्धत घातली, ती याच विचारानें.

आमच्या धाकट्या सूनबाई आर्किटेक्ट आहेत. एका जुन्या घराच्या दुरुस्तीचे नकाशे त्यांनीं ३०,००० रुपयांस करून दिले. रक्कम हातीं येतांच घरांत पेढे आले! पुढें एके दिवशीं त्यांच्या रोजनिशीवरून आम्हीं त्या कामाचें पान मांडलें. मदतनिसाचे ४० तास, २५० रुपयांप्रमाणें १०,०००. सूनबाईंचे २० तास, ६०० प्रमाणें १२,०००. छपाई व प्रवास ३,०००. कचेरीचें भाडें, वीज, संगणक यांचा मासिक खर्च ३६,००० आणि महिन्यांत कामीं लागणारे तास २४०. म्हणजे तासामागें १५० रुपये. त्याप्रमाणें ६० तासांचे ९,०००. एकूण ३४,०००! नफा दूरच राहिला. १२,००० रुपयांच्या श्रमाचे सूनबाईंना ८,००० च मिळाले. घरमालकांनीं तीनदां सांगितलेले फेरबदल ‘एवढ्याशाचें काय मागायचें?’ म्हणून त्यांनीं तसेच करून दिले होते. तूट आली ती तेथें.

यावर उपाय साधा आहे. दर, फेरबदलांचा आकार आणि आगाऊ रक्कम हीं कामापूर्वींच लेखी ठरवावीं. बिल टप्प्याटप्प्यानें द्यावें. जी. एस. टी. लागू असल्यास तो वेगळा दाखवावा. तो पैसा सरकारचा, आपला नव्हे. उशिराचीही भीड नको. नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु व्यवसायांचें देणें फार तर ४५ दिवसांत द्यावें, असें २००६ चा कायदा सांगतो. नाहीं तर बँकदराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज पडतें.

सूनबाईंनीं पुढील कामाचें पान पहिल्याच दिवशीं उघडलें आहे. पेढे मात्र आम्ही आतां तें पान पुरें झाल्यावरच आणणार आहों!