नेरूळचं मैदान आणि मुलींचा फुटबॉल

महाराष्ट्रात फुटबॉलचा विषय निघाला की आधी कोल्हापूर आठवतं. तिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं पोरांना घरातूनच मिळतात. मुंबईच्या कूपरेजला रोव्हर्स चषकाचा वारसा आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला वारशाने काहीच मिळालं नव्हतं. अभिमत विद्यापीठाच्या आवारात, हफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यानुसार बांधलेलं हे मैदान 2008 साली सुरू झालं, तेही क्रिकेटसाठी. त्याच वर्षी 1 जूनला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला. क्रिकेटच्या गोलात फुटबॉलचं आयताकृती मैदान आखलं की प्रेक्षक खेळापासून लांब पडतो. ही उणीव इथे आजही जाणवते.

फुटबॉल खऱ्या अर्थाने आला 2014 मध्ये, इंडियन सुपर लीगबरोबर. मुंबई सिटीच्या आंद्रे मोरित्झने पुण्याविरुद्ध तीन गोल केले. त्या लीगमधली ती पहिली हॅटट्रिक. डिसेंबरात अंतिम सामनाही इथेच झाला आणि भरपाई वेळेतल्या मोहम्मद रफीकच्या हेडरने कोलकात्याने केरळला हरवलं. 2017 च्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात स्पेनने मालीला 3-1 असं नमवलं, तो उपांत्य सामना नेरूळचाच. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या स्पर्धेत भारताकडून खेळला, पण भारताचे सामने दिल्लीत होते. मराठी प्रेक्षकांसमोर त्याला खेळता आलं नाही, याचं वाईट वाटतं.

या मैदानाची खरी ओळख मात्र मुलींनी घडवली, असं मी मानतो. जानेवारी 2022 मध्ये महिलांच्या आशिया चषकात भारताने इथे इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. तीनच दिवसांनी चिनी तैपेईविरुद्ध उतरायचं होतं. पण करोनाने संघ असा पोखरला की किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. यजमान संघ स्पर्धेतूनच बाहेर पडला, त्याचा खेळलेला सामनाही रद्दबातल ठरला. वर्षानुवर्षं तयारी केलेल्या मुलींना पराभवसुद्धा नशिबी आला नाही. 6 फेब्रुवारीला त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच गवतावर चीनने मध्यंतरापर्यंतची 0-2 पिछाडी भरून काढत कोरियाला 3-2 असं हरवलं. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियावर 1-0 अशी मात केली. आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी, खेळ क्रिकेटचा असला तरी, हरमनप्रीत कौरच्या भारतीय संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला तो इथेच. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती.

आता विद्यापीठाच्या मैदानावर विद्यापीठांच्या मुली किती खेळतात, हेही विचारायला हवं. मराठवाड्यातल्या आमच्या तीर्थपुरीकडची मुलगी फुटबॉल खेळू लागली, तर तिची वाट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून मराठवाडा विद्यापीठाच्या संघात आणि तिथून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाते. त्या स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना दरवर्षी नेरूळला, दिव्यांच्या उजेडात आणि तिकीट न लावता खेळवावा. कोल्हापूरच्या तालमींनी परंपरा उभी केली ती दर हंगामाला त्याच मैदानात उतरून.