आधी तेल, मग उटणं

नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळा भाव खातं ते उटणं. वीस-पंचवीस रुपयांच्या पाकिटावर चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकचरी, जटामांसी अशी नावांची माळ ओवलेली असते. अस्सल चंदनाची आजची किंमत माहीत असलेला माणूस ते वाचून मनातल्या मनात हसेल. जटामांसी तर हिमालयात फार उंचावर उगवते आणि बेसुमार उपशामुळे आज ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये मोडते. तेव्हा पाकिटातला वास बहुधा अत्तरवाल्याच्या बाटलीतून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही, सणाला सुवास हवाच. पण त्वचेच्या दृष्टीनं या स्नानातलं खरं काम उटण्याआधीच होऊन गेलेलं असतं, आणि ते तेल करतं.

आयुर्वेदाचार्य वाग्भटानं अष्टांगहृदयात अभ्यंग सांगितला तो सणापुरता नव्हे, रोजचा. डोकं, कान आणि पाय यांना विशेष. अजीर्ण झालेल्यानं तो टाळावा, हेही सांगितलं. उद्वर्तन, म्हणजे चूर्ण चोळणं, त्याच्यानंतर येतं. गरम पाणी मानेखाली घ्यावं, डोक्यावर नको, केसांना आणि डोळ्यांना ते बाधतं, असा त्याचा इशारा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तर स्नान हा राजाच्या उपभोगांपैकी एक, आणि त्याला स्वतंत्र प्रकरण. म्हणजे औषध आणि चैन हे दोन्ही धागे या न्हाण्यात फार पूर्वीपासून आहेत.

आता तेलाकडे. त्वचेचा सर्वांत वरचा थर पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध द्रव्यांचा असतो. पावसाळा संपून हवा कोरडी पडली की या थरातून पाणी उडायला लागतं, पायांना भेगा पडतात, पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे उठतात. हा थर बांधायला लिनोलिक आम्ल लागतं. ढाक्यातल्या एका बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलानं मालिश केलं, तेव्हा रुग्णालयात जडणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. उलट ओलिक आम्ल जास्त असलेलं ऑलिव्ह तेल मोठ्यांच्या त्वचेचा हाच थर कमकुवत करतं, असं २०१३ साली शेफील्डच्या संशोधकांना आढळलं. मोहरीच्या तेलाचेही उंदरांवरच्या प्रयोगात असेच दुष्परिणाम दिसले. आपल्याकडे मात्र परदेशी बाटलीतलं ऑलिव्ह तेल बाळासाठी कौतुकानं आणलं जातं, आणि लिनोलिक आम्लानं भरलेलं सोलापूर-मराठवाड्याचं करडईचं तेल फोडणीपुरतंच राहतं! तिळाच्या तेलात दोन्ही आम्लं जवळपास सारखी. केसांना खोबरेल, ही आजीची निवड मुंबईच्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेनं २००३ साली तपासली. केसातली प्रथिनं धुऊन जाणं खोबरेलानं कमी झालं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलानं झालं नाही.

मग उटण्याचं काम काय? मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ वरचं जादा तेल टिपून घेतं, मळ आणि मेलेली कातडी सुटवतं. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात, तर त्वचेचा साडेचार ते साडेपाच. म्हणून तेल-उटण्यावर पुन्हा साबण फिरवला की आधीची मेहनत मोरीत जाते. बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. उटण्यातल्या हळदीची मात्र गंमत आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करवलं. त्या निकालानं हे ज्ञान जुनं आहे एवढं ठरलं. हळद सगळ्यांच्या कातडीला मानवेलच, असं नव्हे. लिंबू तर चेहऱ्यावर चोळूच नये. त्याचा रस लागलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी होते, डाग महिनोन् महिने राहतात. नवं उटणं कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

राहता राहिलं पाणी. टबमध्ये पडून राहण्याची चित्रं मोहक असतात, पण एक टब दीडशे लिटरच्या आसपास पाणी पितो. शहरांत माणशी दिवसभराचं मानकच १३५ लिटर आहे. विसण घातलेली एक बादली पुरते. झोपेसाठी ऊन पाण्याचा उपयोग खरा आहे. ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यानं झोपेच्या तास-दोन तास आधी न्हालं, की हातापायांकडे रक्त वळतं, शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते. २०१९ साली टेक्सासच्या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र मांडून हे दाखवलं. म्हणजे ज्यांना निवांतपणा हवा त्यांच्यासाठी पहाटेपेक्षा रात्रीचं न्हाणं बरं. शास्त्र म्हणून पहाटेचं न्हाणं चतुर्दशीला असू द्या.

पाकिटावर खर्च कमी करा, तेलावर करा. घाण्याचं तीळतेल किंवा करडईचं तेल किंचित कोमट करून अंगाला लावा, अर्धा तास मुरू द्या, डाळीच्या पिठानं काढा आणि साबणाला त्या दिवशी सुट्टी द्या. हे दिवाळीपुरतं न ठेवता महाशिवरात्रीपर्यंत दर रविवारी करा. घरात वडीलधारी असतील, तर तेलकट झालेली मोरीची फरशी लगेच घासून घ्या.