हरकतीचे ३० दिवस

भिवंडीहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने जो कोणी वीस वर्षांनी आज जाईल, त्यास भाताची खाचरे कोठे गेली असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या बाजूंस गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. भिवंडीभोवतालच्या ६० गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. तथापि त्यात आपला शब्द केव्हा घालावयाचा, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

सन १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये विकास योजनेचा मसुदा मंजूर होण्यापूर्वी नकाशासह लोकांपुढे ठेवून हरकती मागवाव्या लागतात. मुदत बहुधा ३० दिवसांची असते. नोटीस शासकीय राजपत्रात निघते, आणि राजपत्र वाचणारा शेतकरी आम्ही तरी पाहिला नाही!

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता एका गावची मंडळी आमचेकडे आली. नियोजित रस्ता गावविहिरीवरून जात होता. म्हणणे रास्त होते, पण मुदत संपून पाच महिने लोटले होते. नकाशा महिनाभर कचेरीत टांगलेला होता. पाहावयास कोणी गेले नव्हते. त्यांस पाणी विचारण्यापलीकडे आमच्या हातून काही झाले नाही, ही खंत अद्यापि आहे.

याकरिता दर गावी चार-पाच जणांनी नोटिशींवर लक्ष ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याच अर्जास सुनावणीत वजन नसते. सर्व्हे नंबर व हिस्सा लिहावा, सातबाऱ्याचा उतारा जोडावा आणि रस्ता किंवा आरक्षण कोठे हलविता येईल, तेही सांगावे. ओढे-नाले विशेष पाहावे. ते बुजले की पावसाचे पाणी आपल्याच बांधावर येते. कामवारीच्या काठच्या मंडळींस हे अधिक सांगणे नको. ग्रामसभेचा ठराव जोडून अर्ज द्यावा व शिक्क्यानिशी पोच घ्यावी.

रायगडातील महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रश्न भूसंपादनाचा होता, तरी धडा तोच. हेटवणे धरणाचे पाणी ज्या जमिनीस यावयाचे ती का द्यावी, असा तेथील शेतकऱ्यांचा नेमका मुद्दा होता. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांचे मत शासनास घ्यावे लागले.

गावनकाशाची प्रत भूमि अभिलेख कचेरीत मिळते. ती आजच काढून ठेवावी. नोटीस निघाल्यावर तेथे गर्दी होते.