हाताने नस ढिली पडत नाही

चैत्रात परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाची यात्रा भरते. तिथल्या माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळत माणूस देवळाबाहेर पडतो, आणि परतीच्या वाटेवर एखाद्या भिंतीवर वाचतो: ‘नस ढिली, धात जाणे, लवकर पडणे... एकदा अवश्य भेटा.’ लैंगिक ताकद वाढवून देण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण भिंतीला कोण सांगणार!

या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे पोरांची भीती. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा, म्हणजे ‘धाते’चा, एक थेंब होतो, हे पारावरचं गणित. मग झोपेत चड्डी ओली झाली की पोरगं आरशात गाल बघायला लागतं. वीर्य रक्त आटवून होत नाही. एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाभर; त्यात बराचसा शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतला द्रव, शुक्रपेशी अगदी थोड्या. त्या वृषणांत रोज तयार होतात, उरलेल्या शरीर जिरवतं. साठवून ताकद येत नाही, हस्तमैथुनाने जात नाही. लघवीसोबत पांढरं गेलं तर पुष्कळदा ते नुसते क्षार असतात. जळजळ किंवा पू असेल तर मात्र तपासून घ्यावं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या भीतीच्या आजाराला ‘धात सिंड्रोम’ नाव दिलं. त्यातला थकवा खोटा नसतो, फक्त त्याचं खापर भलत्यावर फुटतं.

मराठीत हे पूर्वी कुणी लिहिलंच नाही असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला चालला. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच.

आता ती ‘नस’. लिंगात ना हाड, ना पिळून घट्ट करता येईल अशी एखादी नस. स्पंजासारख्या दोन नळ्यांत रक्त भरतं आणि ताठरता येते. म्हणून चाळिशीनंतर ती सतत कमी पडू लागली तर आधी साखर, रक्तदाब आणि तंबाखू बघावी. लिंगातल्या बारीक रक्तवाहिन्या हृदयाच्या आधी कुरकुरतात. मापाची काळजीही फुकाची. १५,५२१ पुरुषांच्या मोजणीचा २०१५ मधला आढावा ताठ लिंगाची सरासरी तेरा सेंटिमीटर सांगतो. तेल चोळून माप बदलत नाही.

‘जडीबुटी आहे, अपाय नाही’ हा सगळ्यात महाग पडणारा समज. असल्या पुड्यांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलंय. छातीत दुखतं म्हणून खिशात सॉर्बिट्रेटची गोळी बाळगणाऱ्या माणसाने अशी पुडी घेतली, तर रक्तदाब धाडकन कोसळून जीव जाऊ शकतो.

आणि जिथे खरंच घाबरायला हवं, तिथे पोरं लाजून गप्प बसतात. एका गोटीत अचानक असह्य कळ, सूज, उलटी: वृषणाला पीळ बसलेला असू शकतो. तो साधारण सहा तासांत सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढून परंडा गाठावं, तिथे सर्जन नसेल तर तडक बार्शी.